सोंगाचा मान

मराठीत 'सोंग' या शब्दाची अब्रू काही फार चांगली नाही. झोपेचं सोंग, आजारपणाचं सोंग, वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्याचं सोंग. 'मुखवटा' शब्दाचंही तेच. पुढाऱ्याचा मुखवटा गळून पडतो, मित्राचा मुखवटा फाटतो. म्हणजे मुखवटा घातला की माणूस खोटा आणि काढला की खरा, असा आपला एकंदर हिशेब.

माझ्या आजोळी हा हिशेब उलटा आहे. तिथे वर्षभर नांगर धरणारा माणूस एका रात्रीपुरता मुखवटा घालतो, आणि त्या रात्री गाव त्याला त्याच्या नावानं हाक मारत नाही. त्याला नारळ फोडतं, त्याच्यापुढे पोरं आणून ठेवतं, म्हाताऱ्या त्याच्या पाया पडतात. सकाळी तोच माणूस पुन्हा बैल सोडायला जातो. यातलं खोटं काय, ते मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही.

हे आज लिहायचं कारण घरगुती आहे. नागापुरात थोरल्या मामांच्या माळ्यावर म्हैसासुराचा एक लाकडी मुखवटा गोधडीत गुंडाळून ठेवलेला आहे. आमचं आजोळ अकोले तालुक्यात, राजूरच्या वरच्या अंगाला. आम्ही महादेव कोळी. गावच्या बोहाड्यात म्हैसासुराचं सोंग आणायचा मान आईच्या माहेरच्या घराण्याकडे. मामा एमआयडीसीत नोकरीला लागले तरी कित्येक वर्षं बोहाड्याच्या आधी रजा टाकून मुखवट्यासकट एसटीनं गावी जायचे. (कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागायचा, हा मामांचा आवडता विनोद.) रंग द्यायला म्हणून मुखवटा एकदा इकडे आला, पुढे मामांचे गुडघे गेले, आणि तो इकडेच राहिला. मधल्या काळात गावातला एक भाऊबंद कागदी मुखवटा लावून वेळ निभावतोय.

आता जुन्या वस्तू घेणाऱ्या एकाने मामांना चांगली रक्कम सांगितली आहे. त्यावरून फोनाफोनी सुरू झाली. मावशी म्हणते विका, नाहीतर वाळवी खाईल. पुण्याची मावसबहीण म्हणते म्युझियमला द्या. मामेभावाला तो नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावायचाय, वर स्पॉटलाइट टाकून. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हटलं. ब्लॉगवाल्या मित्रांनीही वाचावं, कारण प्रश्न एका मुखवट्यापुरता नाही.

आधी बोहाड्याबद्दल थोडं. नाव जागोजागी बदलतं. कुठे भोवाडा, कुठे भवाडा, नाशिककडच्या काही गावांत आखाडी. जव्हार, मोखाडा, विक्रमगड. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी. पलीकडे गुजरातेतला डांग. आणि आमच्या नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर) एकटा अकोले तालुका. नकाशावर बोट फिरवलंत तर सह्याद्रीच्या माथ्यावरचा आणि उतारांवरचा एक सलग पट्टा दिसेल. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर यांचा हा मुलूख. होळी झाली की पेरणीच्या आधीच्या मोकळ्या दिवसांत बोहाडा होतो. कुठे एक रात्र, कुठे तीन, कुठे पाच-सात.

रात्री गावाच्या मधोमध मोकळी जागा सोडलेली असते. संबळ आणि पिपाणी वाजायला लागतात. पहिला मान गणपतीचा, मग मोरावर बसलेली सारजा, म्हणजे शारदा. त्यानंतर एकेक सोंग येत जातं. मारुती, त्राटिका, भीम, रावण, नरसिंह, वेताळ, खंडेराव. दोन्ही बाजूंना टेंभे धरलेले, मध्ये सोंग नाचत येतं. प्रत्येकाची चाल वेगळी आणि त्या चालीची वाजपही वेगळी. आईला लांबून नुसत्या संबळावरून कळतं कोण आलं ते. बायकांची सोंगंही परंपरेनं पुरुषच आणतात. पुराणातले देव आणि डोंगरातले देव एकाच रांगेत येतात, आणि कोण कोणाच्या आधीचा यावरून तिथे कोणी वाद घालत नाही. ते वाद आपण शहरात घालतो.

शेवटच्या रात्री, उजाडायच्या सुमाराला, देवी येते आणि म्हैसासुराला मारते. तो मेला की बोहाडा संपला.

म्हणजे बघा, आमच्या घराण्याचा मान काय, तर दरवर्षी हरायचा! लहानपणी मला याची लाज वाटायची. शेजारच्या घराकडे भीम, पलीकडच्याकडे मारुती, आणि आमच्याकडे हा शिंगं असलेला. मी एकदा आजोबांना म्हटलं, आपण बदलून का घेत नाही? ते म्हणाले, "आपण नाही गेलो तर देवी मारील कोणाला? मग उजाडायचं कसं?" तेव्हा हे उत्तर म्हणजे पोराची समजूत काढणं वाटलं. आता वाटतं, बोहाड्याची सगळी रचनाच त्यात आहे. गावातलं एकेक घर एकेका सोंगाला बांधलेलं. एक घर आलं नाही तर तेवढी कथा तुटते. श्रीमंत घराला मोठं सोंग आणि गरिबाला छोटं, असंही नाही. मान बापाकडून पोराकडे येतो, आणि त्याच्याबरोबर खर्च, उपास, जागरण आणि नाचून आलेली मानदुखीही येते.

आता लाकडाबद्दल. आमचा मुखवटा एकसंध ओंडक्यातून वाकस आणि पटाशीनं कोरलेला आहे. आतून पोकळ केलेला, डोळ्यांच्या खाली बघायला बारीक फटी, शिंगं वेगळी करून खुंट्यांनी बसवलेली. मामांनी एकदा वजन केलं होतं, साडेचार किलो भरलं. डोक्याला आधी जाड फडकं गुंडाळायचं, त्यावर हा बांधायचा, आणि तासभर नाचायचं. म्हणूनच मुखवट्याला लाकूड निवडताना कारागिराची ओढाताण होते. साग टिकतो, वाळवीला दाद देत नाही, पण मान मोडतो. पांगारा आणि सावर हलके, कोरायला लोण्यासारखे, पण किडीला तेवढेच गोड. आमच्या मुखवट्यावर रंगाचे किती थर आहेत ते मोजता येणार नाही. कानामागे एक टवका उडालाय, तिथे लाल, काळा, पुन्हा लाल अशा कडा दिसतात. वरचा थर डब्यातल्या ऑइलपेंटचा आणि अगदी तळाला गेरू.

जव्हार भागात आता बरेचसे मुखवटे कागदाच्या लगद्याचे होतात. मातीच्या साच्यावर लगदा थापायचा, वाळला की रंगवायचा. हलका, स्वस्त, आणि हवा तेवढा मोठा करता येतो. रावणाची दहा तोंडं लाकडात करून डोक्यावर घ्यायची म्हटली तर बघा! काही जण याला परंपरेचा ऱ्हास म्हणतात. मला तसं वाटत नाही. कागद आला त्यामागे मानेचा त्रास होता तसा जंगलाचाही इतिहास होता. १८७८ च्या वन कायद्यानं राखीव जंगलं आखली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या झाडाखाली वावरलो ते तोडायला परवानगी लागू लागली. त्याच्या आधीच, १८४८ साली, आमच्या तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यांना इंग्रजांनी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं होतं. आधी बंड मोडलं, मग रान घेतलं. ज्यांच्याकडे झाड उरलं नाही त्यांनी कागदाचा मुखवटा केला. सोंग मात्र सोडलं नाही. याला ऱ्हास कसं म्हणायचं?

इथे जरा लांब, पश्चिम आफ्रिकेत जाऊन येऊ. (नगरकराला आफ्रिका अगदीच परकी नाही. निजामशाही शेवटच्या काळात तोलून धरणारा मलिक अंबर तिकडूनच आला होता. तो पूर्वेकडचा, इथिओपियाचा. आपल्याला जायचंय ते त्याच्या मुलुखापासून फार लांब.) बुर्किना फासो नावाचा देश आहे, १९८४ पर्यंत त्याला अपर व्होल्टा म्हणत. तिथे मोसी नावाचे लोक राहतात. त्यांचे कोरीव लाकडी मुखवटे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. काहींच्या डोक्यावर हरणाची लांब शिंगं, काहींवर माणसाच्या उंचीची उभी फळी, आणि रंग लाल, पांढरा, काळा. कोरणारे बहुतेक लोहार. मुखवटा सावरीच्या चुलतभावाच्या लाकडाचा, म्हणजे आपण ज्याला पांढरी सावर म्हणतो त्या झाडाचा. आणि त्याखाली अंगभर झुलणारा जो पोशाख असतो तो अंबाडीच्या वाखाचा! आमच्या गावी ज्या वाखाचे दोर वळायचे त्याच जातीचा वाख. हे वाचलं तेव्हा मला अगदी सोयरीक जुळल्यासारखं वाटलं :)

पण मला जास्त रस वाटला तो वेगळ्याच गोष्टीत. मोसींच्या समाजात दोन थर आहेत. साधारण पंधराव्या शतकात दक्षिणेकडून, आजच्या घानाच्या उत्तर भागातून, घोडेस्वार आले आणि त्यांनी राज्यं उभी केली. त्यांचे वंशज ते 'नाकोमसे', म्हणजे राजघराणी. आणि आधीपासून ती जमीन कसणारे ते 'तेंगाबिसी', म्हणजे भूमीची लेकरं. मुखवटे फक्त भूमीच्या लेकरांचे. राजघराण्यातला माणूस मुखवटा घालत नाही. राज्य घोडेस्वारांकडे गेलं, पण जमिनीशी बोलण्याचा अधिकार जुन्या लोकांकडेच राहिला. घरातला वडीलधारा गेला की त्याच्या अंत्यविधीला कुळाचा मुखवटा येतो, आणि गेलेल्याला पूर्वजांत नेऊन पोचवतो.

हे जसंच्या तसं आपल्याकडे लावता येणार नाही. जव्हारचे मुकणे राजेही महादेव कोळीच होते, १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत त्यांचं संस्थान होतं. तेव्हा राजा परका आणि रयत मुळातली, अशी सरळ वाटणी इथे नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसते. मुखवटा हा एक दावा आहे. 'आम्ही या जागेचे आहोत' असं सांगण्याचा. सातबारा नव्हता तेव्हाही हा दावा होता आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर गेला तेव्हाही तो राहिला.

आता संग्रहालयाकडे येतो, कारण मावसबहिणीचं म्हणणं तोडून टाकण्यासारखं नाही. १९०७ मध्ये पिकासोनं पॅरिसच्या त्रोकादेरोच्या संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले आणि त्याच्या चित्रकलेनं वळण घेतलं, हे तुम्ही वाचलं असेल. ते मुखवटे तिथे पोचले त्या काळात फ्रेंच सैन्य आफ्रिका गिळत होतं. मोसींची राजधानी वागाडुगू त्यांनी १८९६ मध्ये घेतली. पुढे सव्वाशे वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, त्याच वागाडुगूच्या विद्यापीठात उभं राहून फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्ष मॅक्राँनी आफ्रिकेचा वारसा आफ्रिकेला परत मिळावा असं जाहीर केलं. २०२१ मध्ये २६ वस्तू शेजारच्या बेनिनला परतही गेल्या. म्हणजे जी वस्तू नीट सांभाळली जातेय तीसुद्धा परत मागावीशी वाटते. सांभाळणं पुरेसं असतं तर कोणी कशाला मागितली असती?

पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचं संग्रहालय मी पाहिलंय. बोहाड्याचे मुखवटे तिथे आहेत, आणि ते तिथे आहेत हे चांगलंच आहे. ज्या गावचा बोहाडा बंद पडला, तिथला मुखवटा तिथे गेला नसता तर चुलीत गेला असता. पण काचेमागच्या मुखवट्यापुढे उभं राहिलं की एक चुकल्यासारखं वाटतं. तो थेट समोर, डोळ्याच्या उंचीला, पांढऱ्या उजेडात असतो. ज्याने तो कोरला त्याने तो असा बघायला कोरलाच नव्हता. त्याने तो हलता बघायला केला होता. टेंभ्याच्या उजेडात, खालून, आईच्या पदराआडून. म्हैसासुराचे डोळे बटबटीत का, शिंगं एवढी पुढे का, ते दिवाणखान्यात कळणार नाही. (मामेभावा, स्पॉटलाइटची कल्पना तेवढी सोड.)

आणि विकायचं म्हणाल तर आपल्याकडे म्हणच आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ही म्हण मी हसण्यावारी नेत नाहीये. बोहाडा होतो तो मुलूख राज्यातल्या सर्वांत गरीब भागांपैकी आहे. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ मध्ये कुपोषणानं मुलं दगावली आणि सगळ्या महाराष्ट्राला तो भाग प्रथमच नकाशावर दिसला. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. सोंगाचा मानकरी भट्टीवर असेल तर उचल घेतलेली असते, मुकादम सोडत नाही. अशा घरानं मुखवटा विकला तर त्याला शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. पण आपल्या घरावर ती वेळ नाही. मामांची पेन्शन कमी असेल, पण तीत एक सोंग मावतं.

कलेला बाजार मिळणं वाईट, असंही मी म्हणत नाही. वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आली म्हणून जगाला कळली, जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. बंगालातल्या पुरुलियाच्या छाऊ मुखवट्यांना २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, छाऊ नृत्य तर २०१० पासूनच युनेस्कोच्या यादीत आहे. तिथले कारागीर विकायला वेगळे मुखवटे करतात आणि नाचायला वेगळे. जव्हारकडेही कागदी मुखवटे विकायला केले जातात. त्यातला एक मामेभावाच्या हॉलसाठी मी स्वतः आणून देतो. कारागिराच्या पोराची फी निघेल. पण जो मुखवटा चार पिढ्यांच्या घामानं आतून काळा पडलाय, तो विकणारे आपण कोण? आपल्याकडे मान आहे. मालकी गावाची आहे. मान विकता येत नाही. फार तर दुसऱ्याच्या हातात देता येतो, तोही गावासमोर.

वाळवीची मावशीला वाटणारी भीती खरी आहे. पण हेही बघा. तिकडे बुर्किना फासोच्या भागात काही गावांत हंगाम संपला की मुखवटे पाणथळीत बुडवून ठेवतात, म्हणजे कीड मरते, आणि पुढच्या वेळी पुन्हा रंगवतात. तरीही लाकूड कधीतरी संपतंच. मग नवा कोरतात, आणि तो जुन्याचा वारस होतो. आपल्याकडेही आजोबांच्या आजोबांनी नाचवलेला मुखवटा हाच होता असं कोणी सांगितलेलं नाही. सोंग तेच होतं. गेल्या काही वर्षांत भाऊबंद ज्या कागदाच्या मुखवट्यात नाचला, त्यातही म्हैसासूरच आला होता. देवीनं त्याला तेवढ्याच इमानानं मारलं, आणि उजाडलं.

म्हणून माझं मत असं. मुखवटा गावी जावा. मामांनी तो गावकीसमोर त्या भाऊबंदाच्या हाती द्यावा आणि मानही त्याच घराकडे सोपवावा. नाचतो त्याचा मान. लाकडी जड होत असेल तर त्यानं कागदीच लावावा आणि लाकडी देवळात ठेवून बोहाड्याच्या दिवशी पूजेला काढावा. ते त्यानं आणि गावानं ठरवावं. आपण नागापुरात बसून ते ठरवू नये. रंगाचा आणि संबळवाल्याच्या बिदागीचा यंदाचा खर्च आपण भाचरांनी मिळून उचलू. दरवर्षी उचलला तरी एका कुटुंबाच्या हॉटेलच्या जेवणाएवढा पडतो.

मामांशी मी बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "देतो. पण एकदा चाल मी दाखवणार त्याला. कागदाच्या तोंडात तो फार भरभर नाचतो. म्हैस अशी पळत नाही."

तेव्हा मंडळी, होळीनंतर गावाकडून तारीख कळेल. मामांना गुडघ्यामुळे पुढची सीट लागेल आणि मांडीवर मुखवटा असेल. बाकी कोण कोण येतंय ते वेळेवर कळवा, म्हणजे एक गाडी सांगायची की दोन ते ठरवता येईल.